पुढील थांबा, मागची बाजू

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि उशांचे अभ्रे दोन्ही मिळाले. शिवण इतकी बारीक घातली आहेस की उलट कुठली नि सुलट कुठली तेच कळेना. आम्ही दोघी खुशाल आहोत. आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, एरवी ती बरी आहे. तू तिच्याबद्दल विचारत नाहीस, तीही तुझं नाव काढत नाही. पण तुम्हा दोघींच्या मध्ये मी आहे, आणि मला दोन्हीकडची खबर दोन्हीकडे पोचवायची खोड आहे. तुझे अभ्रे तिने हातात घेऊन पाहिले. परत घडी घालून ठेवून दिले. रात्री मात्र त्यातलाच एक तिच्या उशीला होता.

नोकरीचं विचारलंस. बसच्या डेपोत बसते, पण बसशी माझा संबंध आवाजापुरताच. आमच्या सगळ्या गाड्यांमध्ये आता एक बाई बोलते. ‘पुढील थांबा, बाजार.’ ‘पुढील थांबा, पाण्याची टाकी.’ ती बाई म्हणजे यंत्र, आणि तिच्या तोंडात शब्द घालायचं काम माझं.

ते कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. आमच्याकडे थांब्यांची नावं टाइप करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे टापटीपबाई म्हणतात. त्या एका मार्गाचे सगळे थांबे एका ओळीत टाइप करतात, दोन नावांमध्ये स्वल्पविराम देऊन. मग माझी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम, ती ओळ स्वल्पविरामावर कापते आणि एकेक तुकडा यंत्राच्या हवाली करते. तुझ्या भाषेत, मी खडूच्या रेघेवर कात्री चालवते. कात्रीला कापड कळत नाही, तिला रेघ तेवढी कळते. आणि कापडावर मुळातच त्या रंगाची रेघ असली की झाला घोळ.

तर घोळ झाला. एका थांब्याच्या नावातच स्वल्पविराम आहे. पाटीवर रंगवलेलं नाव असं: ‘जुना दवाखाना, मागची बाजू’. टापटीपबाईंनी पाटीबरहुकूम टाइप केलं, आणि माझ्या कात्रीने एका थांब्याचे दोन केले. पहिल्या तुकड्याला यंत्राने खऱ्या थांब्याची जागा दिली. दुसऱ्याला जागाच नव्हती. अशा वेळी यंत्र अंदाज करतं, आधीचा थांबा आणि पुढचा थांबा यांच्या अगदी मध्यावर नवा थांबा धरतं. त्यामुळे आता दवाखान्याचं कोपऱ्यावरचं वळण संपून लांबलचक भिंत सुरू झाली की मध्येच बाई म्हणते, ‘पुढील थांबा, मागची बाजू.’

पुढचा थांबा मागची बाजू! अख्खा डेपो हसतोय. एका ड्रायव्हरने मला विचारलं, ‘ताई, मग गाडी रिव्हर्स घेऊ का?’

सोमवारी दुरुस्त करणार आहे. स्वल्पविराम सोडून दुसरी कुठली तरी खूण निवडायची, जी कोणत्याही नावात कधी येणार नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण जरा विचार कर. मोकळी जागा चालत नाही, ती तर प्रत्येक नावात. आडवी रेघ ‘शाळा-मैदान’मध्ये आहे. विसर्गासारखी दोन टिंबं गाड्यांच्या वेळांमध्ये. टॅब म्हणावं, तर टापटीपबाई नावं एका रांगेत दिसावीत म्हणून मन मानेल तिथे टॅब मारतात. माणसं काय काय टाइप करतील याचा नेम नसतो, हे या नोकरीने मला शिकवलं.

तो दवाखाना कुठला, ते तुला सांगायला नको. बाबांना दाखल केलं होतं तोच. म्हणूनच या मार्गाविषयी तुला आजवर कधी लिहिलं नव्हतं.

मी ही गंमत जेवताना आईला सांगितली. सांगायला नको होती. तिचा घास हातात राहिला. मला वाटलं, आता ताटावरून उठते की काय, तू बाबांचा विषय काढलास तेव्हा उठली होती तशी. पण उठली नाही. तिने एवढंच विचारलं, ‘कितीची बस आहे ती?’

तुझी,
धाकटी


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. रागावू नकोस. तुझा खोकला गेला का? शिवणयंत्रावर वाकून बसू नकोस म्हणून मी सांगणार आणि तू ऐकणार नाहीस, ते असो.

आधी माझी फजिती ऐक. मी उभी रेघ ही खूण निवडली. उभी रेघ कोणी कशाला टाइप करेल? मग फाइलमधले सगळे स्वल्पविराम एका फटक्यात बदलून उभ्या रेघा केल्या. सगळे म्हणजे सगळे. नावातलाही! कात्रीने परत तिथेच कापलं. साहेब पोट धरून हसले आणि म्हणाले, ‘सावकाश करा.’

सावकाशवरून आठवलं, त्या मार्गाच्या दुपारच्या गाडीवर जे ड्रायव्हर आहेत त्यांचं नावच डेपोत सावकाश मामा आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘पोरी, तुझ्या त्या नव्या थांब्यावर माणसं उतरतात.’

‘तिथे कुठे थांबा आहे?’

‘नाहीये. पण बेल वाजते.’

मला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गाडीत जाऊन बसले. टळटळीत दुपार होती. गाडी अर्धी रिकामी. समोरच्या बाकावर एक माणूस होता, पन्नाशीचा, मांडीवर राखाडी ब्लँकेट नीट घडी करून धरलेलं. त्या उन्हात ब्लँकेट! कोपऱ्याचा थांबा गेला, भिंत सुरू झाली, आणि बाई बोलली. माझाच घोळ, पण ताई, गाडीत बसून ऐकताना अंगावर काटा आला. माणसाने बेल वाजवली. मामांनी गाडी थांबवली. तो उतरला, अगदी सवयीच्या थांब्यावर उतरावं तसा, खाली न बघता.

गाडी हलली तशी मी धावत मागच्या काचेपाशी गेले. भिंतीवर लख्ख ऊन होतं. ती भिंत तुला आठवत असेल, मांजरही चढू शकणार नाही एवढी उंच, आणि सरळ. रस्ता दोन्हीकडे मोकळा. माणूस नव्हता.

‘मामा, तो गेला कुठे?’

‘मी आरशात बघत नाही.’

‘का?’

‘एकदा बघितलं.’ मग गिअर बदलत म्हणाले, ‘तिथल्या विटा जरा जास्त लाल आहेत, बघितलंस? दार होतं तिथे. दवाखाना बंद केला तेव्हा बुजवलं. तुझ्या यंत्राने अंदाज बरोबर केला.’

‘परत येतात का ती माणसं?’

‘काही येतात. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. हात दाखवतात, मी घेतो. तिकीट विचारत नाही.’

ताई, आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. आई ती बस पकडते.

मला आधी कळलंच नाही. बाजारात जाऊन येते म्हणायची. मग तिच्या शालीच्या काठाला हिरवा रंग लागलेला दिसला. ओला होता, माझ्या बोटाला आला. मी विचारलं, हे कुठे लागलं?

‘बाकाला,’ ती म्हणाली. ‘नुकताच रंग दिलाय. सांगतही नाहीत मेले.’

‘कुठल्या बाकाला?’

‘मागच्या बाजूला.’

‘आई, तिथे भिंत आहे.’

‘भिंतीच्या आत गं.’ जसं मीच वेड्यासारखं बोलतेय. ‘लांब बाक आहे. पुष्कळ माणसं बसलेली असतात. कोणाजवळ कपडे, कोणाजवळ डबा. एक छोटी खिडकी आहे, तिथे एक माणूस येतो आणि हाक मारतो. ज्याची हाक आली त्याने उठायचं.’

‘आणि तुझी?’

‘आज नाही आली. उद्या येईल.’

मी तिला दटावलं नाही. तू दटावलं असतंस, मला माहीत आहे. मी काय दटावणार? साथीच्या त्या दिवसांत मी तिच्या पोटात होते. पुढच्या दारातल्या पायऱ्यांवर तू बसली होतीस तिच्याबरोबर, बाबांचे धुतलेले कपडे मांडीवर घेऊन. पुढचं दार बंद होतं आणि आत कोणाला सोडत नव्हते. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी मागच्या बाजूला यावं, अशी सूचना मागच्याच दारावर चिकटवली होती. पुढे बसलेल्यांना कोणी सांगितलं नाही. ज्यांचे लोक मागे आले नाहीत, त्यांना दवाखान्यातलेच लोक परस्पर स्मशानात घेऊन गेले. मला हे सगळं ऐकीव. तू ते बघितलं आहेस. म्हणून तुला विचारते: मागच्या बाजूला आत बाक होता का? तुला कधी कोणी सांगितलं होतं का?

नावातली ती रेघ काढायला मला एक मिनिट पुरेल. अजून वेळ मिळालेला नाही.

तुझी,
धाकटी


१८ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘तिला त्या बसमध्ये बसू देऊ नकोस,’ एवढंच. बाकाचं काही लिहिलं नाहीस.

इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. सध्या घरी नाही, पण बरी आहे.

कामाचं सांगते. एका घरचे लोक डेपोत आले होते, आमचा माणूस तुमच्या गाडीतून कुठे उतरला म्हणून विचारत. साहेबांचं हसू मावळलं. मला म्हणाले, आजच्या आज तो थांबा बंद झाला पाहिजे. मग मी काम नीट केलं. ताई, एक अक्षर असं आहे की त्याचं बटण नसतं, ते कागदावर छापत नाही, पडद्यावर दिसत नाही, त्याला आवाज नाही. फार पूर्वी कोणीतरी शहाण्या माणसांनी ते फक्त एवढ्याचसाठी राखून ठेवलं, की त्याने दोन गोष्टींच्या मध्ये उभं राहावं आणि दोन्हींपैकी कशातही मिसळू नये. ते हवं असेल तर त्याच्या आकड्याने बोलवावं लागतं. कोणाच्या हातून चुकून टाइप होण्याचा प्रश्नच नाही. मी तीच खूण निवडली. नावात पाटीवरचा स्वल्पविराम परत घातला. तो आता निरुपद्रवी झाला, कारण कात्री त्याच्याकडे बघतच नाही. थांबा गेला. पुढच्या फेरीला बाई भिंतीपाशी गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी तो परत आला.

फाइल उघडली तर नाव जसंच्या तसं दिसत होतं. अक्षर न् अक्षर उलगडून बघितलं तेव्हा सापडलं: ‘जुना दवाखाना’ आणि ‘मागची बाजू’ यांच्या मध्ये ते न दिसणारं अक्षर उभं होतं. साहेबांनी मुख्य कार्यालयातून एक तज्ज्ञ बोलावले. त्यांनी टापटीपबाईंचा कीबोर्ड उलटा करून झटकला. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. तज्ज्ञ म्हणाले, हे माणसाच्या हातून होणं शक्य नाही.

मी त्यांना पाणी आणून दिलं.

उत्तर लगेच पाठव. काहीही लिही, कापडाचे भाव लिहिलेस तरी चालेल.

धाकटी


९ एप्रिल

प्रिय ताई,

तुझी दोन पत्रं पडून आहेत. ‘आई कुठे आहे?’ असं दुसऱ्या पत्रात तू तीनदा लिहिलं आहेस. आता सगळं लिहिते. ती माझ्यासमोर बसली आहे, भाजी निवडतेय, तेव्हा घाबरू नकोस. पण मधल्या दिवसांत ती नव्हती, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले.

साहेबांनी थांबा बंद करायला सांगितला ती दुपारची वेळ होती. मी मान खाली घालून काम केलं. खूण बदलली, नाव दुरुस्त केलं, फाइल गाड्यांना पाठवली. काम फत्ते झालं म्हणून स्वतःवर खूश होऊन चहा घेतला. आणि कप ठेवताना मला आठवलं की आई दुपारच्या गाडीने गेलेली आहे.

ती संध्याकाळी आली नाही. मी डेपोच्या फाटकावर सावकाश मामांना गाठलं. ‘गेल्या फेरीला उतरली,’ ते म्हणाले. ‘या फेरीला बाई बोललीच नाही. मी हळू घेतली गाडी. कोणी हात दाखवला नाही. नुसती भिंत होती.’

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी तिथे गेले. भिंतीला हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. हाका मारल्या. लालसर विटांना कान लावला. एक दूधवाला सायकलवरून उतरून माझ्याकडे बघत राहिला. मग पोलिसांत गेले. तिथल्या हवालदाराने चांगुलपणाने विचारलं, ‘आई शेवटच्या कुठे दिसल्या?’

‘बस थांब्यावर.’

‘कोणत्या?’

मी सांगितलं, ‘मागची बाजू.’ त्याने आमच्याच डेपोची यादी उघडली, वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘असा थांबा नाही हो.’

ताई, तो बरोबर होता. तो थांबा मीच पुसला होता.

मी तिथून सरळ कामावर आले, फाइल उघडली, त्या अक्षराला त्याच्या आकड्याने बोलावलं आणि नावाच्या मध्ये उभं केलं. टापटीपबाई नाही, भूतबाधा नाही. मीच. तज्ज्ञ माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून डोकं खाजवत होते आणि मी त्यांना पाणी आणून देत होते. काढायला सांगत तेव्हा मी काढल्याचं दाखवायचे, आणि दुपारच्या गाडीपुरतं परत घालायचे.

मग रोज दुपारी मी त्या गाडीत. पहिल्याच दिवशी बाई बोलली, मी बेल वाजवली आणि उतरले. काही नव्हतं. ऊन, धूळ आणि भिंत. डोळे मिटून पाय पुढे टाकला, तर कपाळ विटेवर आपटलं. मामांनी गाडी तशीच थांबवून ठेवली होती. लोक कुरकुर करत होते. मामा खाली उतरले, मला दंडाला धरून वर चढवलं आणि म्हणाले, ‘प्रत्येकाला नाही जमत.’

त्या दिवसांत घरात मी एकटी होते. जेवण करायचे ते दोघींपुरतं. तुला लिहायला बसायचे आणि ‘आई बरी आहे’ याच्यापुढे पेन सरकायचं नाही. तू म्हणशील, बोलावलं का नाहीस? काय म्हणून बोलावू? ताई ये, मी आईला स्वल्पविरामात हरवलं?

गेल्या गुरुवारी गाडी भिंतीपाशी आली, आणि बाईने तोंड उघडायच्या आतच मामांनी ब्रेक दाबला. आई उभी होती. लाल विटांसमोर, हात वर करून. शाल व्यवस्थित गुंडाळलेली. ती चढली, मला बघून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. जणू मी तिची जागा धरून बसले होते, तशी ती शेजारी येऊन टेकली. तिच्या अंगाला फिनेलचा वास येत होता.

‘उशीर झाला गं,’ ती म्हणाली. ‘आज हाक आली.’

मी तिच्या शालीचं टोक मुठीत धरलं. मग विचारलं, ‘कोणी मारली?’

‘खिडकीतल्या माणसाने. म्हणाला, बाई, तुम्ही एवढे दिवस पुढच्या दारात बसलात, आणि आम्ही इथे हाका मारून मारून थकलो.’

‘मग?’

‘मग काय. नेलं आत. झाकून ठेवलं होतं, पण तोंड बघू दिलं.’ ती खिडकीबाहेर बघत होती. ‘कोणीतरी दाढी करून दिली होती त्यांची. नीट केली होती, कुठे कापलं नव्हतं. मला तीच काळजी होती, इतकी वर्षं. दाढी न करता नेलं असेल, असं वाटायचं.’

घरी आल्यावर ती जेवली, दोनदा भात मागून घेतला आणि दिवसाउजेडी झोपली. दुसऱ्या दिवशी मी चहात साखर जास्त टाकली, तर म्हणाली, ‘तुझ्या बाबांना असाच लागायचा.’ लागायचा! ताई, तू तिच्या तोंडून कधी ऐकलं आहेस का असं? ‘त्यांना असाच लागतो’ हेच आपण ऐकत मोठ्या झालो. तू त्या ‘लागतो’लाच कंटाळून घर सोडलंस.

मी सकाळभर रडले. ती भांडी घासत होती. मध्येच एकदा येऊन ओल्या हाताने माझं डोकं थोपटून गेली.

आता थांब्याचं. आई परत आली, म्हणजे माझं काम झालं, असं मी धरलं होतं. ते अक्षर काढायला बसले, तर सावकाश मामा दारात येऊन उभे. म्हणाले, ‘ब्लँकेटवाला अजून आला नाही.’ एवढंच बोलून गेले. मी हात मागे घेतला.

शेवटी मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले आणि ते अक्षर मी घातलं हे सांगितलं. का घातलं तेही सांगितलं. वाटलं, नोकरी गेली. त्यांनी दार लावून घेतलं. बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग विचारलं, ‘आत... सगळ्यांनाच हाक येते का?’ मी म्हटलं, मला माहीत नाही, मला आत जाता येत नाही. ते म्हणाले, ‘आमची आत्या तिथेच गेली. त्याच साथीत.’

आता तो थांबा रीतसर आहे. त्याची वेगळी ओळ आहे, त्याच्या नावावर त्याची जागा आहे, आणि कुठलीही खूण बदलली तरी तो हलणार नाही. भिंतीपाशी खांब रोवला, पाटी लावली. तिथे काहीही नसताना खांब का, असं कोणी विचारलं तर साहेब म्हणतात, मागणी आहे. ब्लँकेटवाला परवा आला. हात रिकामे होते. मामांच्या मागच्या बाकावर बसला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत लहान मुलासारखा झोपला.

ताई, आता शेवटचं, आणि हे मी माझ्या मनाने लिहीत नाही. आईने लिहायला सांगितलंय. भाजी निवडता निवडता ती बघतेय, मी लिहिते की नाही ते.

बाबांना दाखल केलं तेव्हा जवळचे म्हणून दोघींची नोंद केली होती, असं ती म्हणते. बायको आणि थोरली मुलगी. मी तेव्हा जन्मले नव्हते. म्हणून मला तिथे भिंतच लागते. माझी वाट तिथे कोणी बघत नाही. पण तुझी बघतात. आईला बाहेर सोडल्यावर तो खिडकीतला माणूस परत खिडकीशी गेला आणि त्याने हाक मारली, ‘थोरली मुलगी आहे का?’ बाकावरच्या माणसांनी इकडेतिकडे बघितलं. कोणी उठलं नाही. ती निघाली तेव्हाही तो हाक मारत होता.

‘तिला कळव,’ आई म्हणाली. ‘मी रागावलेली नाही म्हणावं. ती मला म्हणाली, ते गेले हे मान्य कर. पण तिने तरी कुठे बघितलंय? पायऱ्यांवर माझ्या शेजारीच तर बसली होती पोर.’

तू बाकाचं उत्तर का दिलं नाहीस, ते मला आता कळलं असं वाटतं. ती हाक तुला तिकडेही ऐकू येत असेल. दुपारी, मशीन थांबलं की.

ये. दुपारची गाडी सावकाश मामांची असते. खिडकीची जागा तुला देईन. बाईने नाव घेतलं की बेल तुझी तुलाच वाजवावी लागेल, ते माझ्या हातात नाही. आम्ही दोघी पुढच्या थांब्यावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून राहू. दुसरा दिवस लागो, चौथा लागो, उठणार नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
आई आणि धाकटी